नळीवर नसलेलं नाव

दुकानदारानं बंदूक माझ्या हातात दिली आणि मी सवयीनं आधी नाव शोधलं. नळीवर विंचेस्टर कंपनीचं नाव होतं, सोबत न्यू हेवन, कनेटिकट असा पत्ता. पुढच्या लाकडी मुठीला जोडलेल्या पोलादी पट्टीवर पेटंटच्या तारखा बारीक अक्षरांत कोरलेल्या होत्या. पण ही बंदूक ज्याच्या डोक्यातून आणि हातातून उतरली, त्याचं नाव कुठंच नव्हतं. गंमत म्हणजे तो माणूस याच गावचा. मी ज्या दुकानात उभा होतो ते युटा राज्यातल्या ऑग्डेनमधलं, आणि याच ऑग्डेनच्या दफनभूमीत तो विसावला आहे. जॉन मोझेस ब्राउनिंग त्याचं नाव.

आधी थोडं आमच्याबद्दल सांगतो, म्हणजे सॉफ्टवेअरवाला माणूस बंदुकीच्या दुकानात कशाला गेला ते कळेल. आमचं मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यात. आजोबांकडे शेताच्या राखणीसाठी परवान्याची एकनळी बारा बोअरची बंदूक होती. रानडुकरं भात लोळवून जायची, त्यांना हाकलायला. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि पावती देवाच्या फोटोमागे ठेवायची, हा घरातला नेम. आम्हा मुलांना तिला हात लावायची सक्त मनाई. आजोबा नळीतून तेलाचा बोळा फिरवायचे तेव्हा आम्ही लांबून बघायचो. आजोबा गेले आणि बंदूक सरकारजमा झाली.

इकडे युटात आलो, त्याला आता अकरा वर्षं झाली. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, रेल्वेत फिटर होते. दर नोव्हेंबरात ते फेझंटच्या शिकारीला जातात. फेझंट म्हणजे आपल्या रानकोंबड्याच्या कुळातला लांब शेपटीचा देखणा पक्षी. दोन हंगाम मी त्यांच्याबरोबर नुसता चालायला गेलो. तिसऱ्या वर्षी शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स केला. इथं १९६५ नंतर जन्मलेल्यांना तो केल्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही. मग प्रश्न आला बंदुकीचा. शेजारच्या काकांचं म्हणणं, नवी घेण्यापेक्षा जुनी पंपाची घे, पण नीट पारखून घे. आणि ती ज्यानं बनवली त्याची माहिती करून घे, म्हणजे काय पारखायचं ते आपोआप समजेल. त्या वेळी मला हे उगाच वाटलं. आता वाटत नाही.

तर जॉनची गोष्ट त्याच्या वडिलांपासून सुरू होते. जोनाथन ब्राउनिंग हे टेनेसीचे बंदूक कारागीर. पुढे त्यांनी मॉर्मन पंथ स्वीकारला आणि त्या पंथाच्या लोकांबरोबर इलिनॉय, आयोवा असं करत १८५२ मध्ये युटाच्या वाळवंटी मुलखात येऊन पोहोचले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या तीन बायका आणि बावीस मुलं. दुसऱ्या बायकोच्या पोटी १८५५ च्या जानेवारीत ऑग्डेनला जॉन जन्मला. बापाचं दुकान म्हणजे निम्मं लोहाराचं, निम्मं गावच्या सगळ्या दुरुस्त्यांचं. भाता, ऐरण, कानशी आणि कोपऱ्यात मोडक्या बंदुकांचा ढीग. तो ढीग हेच जॉनचं खेळणं आणि तीच त्याची शाळा. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यानं त्या भंगारातली एक जुनी नळी, लाकडाचा तुकडा आणि तार घेऊन एक ओबडधोबड बंदूक जुळवली. धाकट्या भावाला, मॅटला, सोबत घेतलं आणि दोघं माळावर गेले. चाप वगैरे काही नव्हतंच. एकानं नेम धरायचा, दुसऱ्यानं निखाऱ्यानं दारू पेटवायची. बार उडाला, पोरगं मागं पडलं, पण रानपक्षी मिळाले. दुसऱ्या दिवशी न्याहारीला ते पक्षी ताटात आले. वडिलांनी पोराचं ते यंत्र बघितलं आणि एवढंच सुचवलं की दहा वर्षांच्या मुलाकडून याहून बरं काम व्हायला हरकत नव्हती. असा हा किस्सा त्या घराण्यात पुढं पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या मुलाची पहिली बंदूक जेवणासाठी होती. तो स्वतः शिकारी होता, जन्मभर राहिला. त्यामुळे बंदूक खांद्याला लावणाऱ्या माणसाला थंडीत, चिखलात, हातमोजे घालून काय लागतं हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

१८६९ मध्ये पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली आणि ऑग्डेन एकदम जंक्शन झालं. जॉन तेव्हा चौदा वर्षांचा. शाळा पंधराव्या वर्षाच्या आसपास सुटली आणि तो पूर्णवेळ दुकानात आला. १८७८ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्यानं स्वतःची पहिली खरी रायफल बनवली, एका वेळी एक गोळी उडवणारी. पुढच्या वर्षी, १८७९ मध्ये, तीन गोष्टी घडल्या. त्याचं लग्न झालं, वडील वारले आणि ऑक्टोबरात त्या रायफलचं पेटंट मिळालं. घराचा भार अंगावर आला. मग जॉन आणि त्याच्या भावांनी मिळून छोटा कारखाना काढला आणि हातानं, थोड्याशा यंत्रांच्या मदतीनं, त्या रायफली बनवायला लागले. जॉनची काम करायची रीतही वेगळी होती. तो कागदावर आराखडे फारसे काढायचा नाही. पत्र्याचे, पोलादाचे साचे कापायचा, एकावर एक ठेवून हलवून बघायचा आणि भाऊ एड त्यावरून भाग घडवायचा. म्हणजे यंत्र आधी बोटांत चालायचं, मग जगात.

त्यातली एक रायफल फिरत फिरत विंचेस्टर कंपनीच्या एका विक्रेत्याच्या हाती पडली. त्यानं ती न्यू हेवनला पाठवली. कंपनीचे मोठे अधिकारी टी. जी. बेनेट १८८३ मध्ये आगगाडीनं थेट ऑग्डेनला आले. बेनेट म्हणजे मूळ मालक ऑलिव्हर विंचेस्टर यांचे जावई. त्यांना वाटलं होतं मोठा कारखाना असेल. बघतात तर गावातल्या दुकानात भावंडं कानशी घासत उभी! सौदा ८,००० डॉलरना ठरला. रायफलचे सगळे हक्क कंपनीकडे, पैसे ब्राउनिंगकडे. १८८५ मध्ये ती रायफल बाजारात आली, विंचेस्टरच्या नावानं.

पुढची एकोणीस वर्षं हाच शिरस्ता. ब्राउनिंग नवं डिझाइन करणार, कंपनी एकरकमी पैसे देऊन विकत घेणार. चाळीसहून अधिक डिझाइन्स कंपनीनं घेतली. त्यातली जेमतेम दहाएक प्रत्यक्षात बनवली. बाकीची कशाला घेतली? दुसऱ्या कंपनीच्या हाती पडू नयेत म्हणून. आपल्यापैकी जी मंडळी इथं मोठ्या कंपन्यांत नोकरी करतात त्यांना हे नवीन वाटणार नाही. आमचीही पेटंटं निघतात, कागदावर आमचं नाव असतं, पण वस्तू कंपनीची. निदान आम्हाला पगार आहे, विमा आहे. ब्राउनिंगला त्यात एक गोष्ट खुपत गेली, पण ती उघड व्हायला बरीच वर्षं लागली.

१८८७ मध्ये विंचेस्टरची लिव्हरची शॉटगन बाजारात आली, म्हणजे चापाखालचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची. हे डिझाइनही त्याचंच. खरं तर ब्राउनिंगला पुढची मूठ मागेपुढे सरकवायची पद्धत जास्त बरी वाटत होती. डावा हात तिथंच असतो, नेम हलत नाही. पण विंचेस्टरची ओळख लिव्हरची, म्हणून लिव्हर. त्याच वर्षी तो पंथाच्या प्रचारासाठी दोन वर्षं जॉर्जियाला गेला. तिथला एक किस्सा सांगतात. पायी फिरून धुळकटलेले हे दोन प्रचारक एका दुकानाच्या खिडकीत ती नवी शॉटगन बघून आत गेले. त्यातल्या एकानं बंदूक मागितली आणि अशी काही सराईतपणे हाताळली की दुकानदार चकित झाला. ही ज्यानं बनवली तोच हा, असं सोबत्यानं सांगितल्यावर त्याचा विश्वासच बसेना. बसणार कसा? बंदुकीवर नाव दुसऱ्याचं होतं.

जॉर्जियाहून परतल्यावर मनातली ती पंपाची बंदूक आकाराला आली. पंपाच्या शॉटगन त्याआधी नव्हत्या असं नाही, पण सहज चालणारी आणि अडकून न बसणारी बंदूक ब्राउनिंगनं दिली. पेटंट १८९० चं. विंचेस्टरनं ती १८९३ मध्ये काढली. ती जुन्या काळ्या दारूच्या काडतुसांसाठी होती. एवढ्यात धूर न करणारी नवी दारू आली, तिचा दाब जास्त, आणि १८९३ चा सांगाडा त्याला पुरेना. मग ती मजबूत करून १८९७ चं मॉडेल निघालं. कंपनीनं जुन्या १८९३ च्या बंदुका परत घेऊन नव्या देऊ केल्या, एवढी ती काळजीची बाब होती. १८९७ मात्र साठ वर्षं बनत राहिली, १९५७ पर्यंत, आणि दहा लाखांहून जास्त खपली. इथल्या शेतकऱ्यांच्या दाराआड, ट्रकच्या मागच्या खिडकीत, आजोबांच्या कपाटात ती असायचीच.

आता दुकानात परत येऊ, कारण हा इतिहास तिथं थेट कामी आला. माझ्यासमोर दोन बंदुका होत्या, दोन्ही १८९७ च्या. मॉडेलचं वर्ष आधी बघायचं ते याचसाठी. चुकून १८९३ ची हाती आली तर ती भिंतीवर टांगायची वस्तू, आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बोअर. बारा बोअरच्या १८९७ मध्ये पावणेतीन इंची काडतूस बसतं. पण सोळा बोअरच्या जुन्या बंदुकांचा कोठा साधारण १९३१ पर्यंत त्याहून आखूड असायचा. काडतूस आत जातं, मात्र उडताना पुढं उलगडायला जागा राहत नाही आणि दाब धोक्याचा होतो. हे नुसतं बघून कळत नाही, बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून मोजून घ्यावं लागतं.

पहिली बंदूक अगदी लखलखीत. नवा निळा मुलामा, दस्ता पॉलिश केलेला. मी तर तिच्याच प्रेमात पडलो होतो. काकांनी काही न बोलता आधी ती उघडली, कोठ्यात बोट घालून रिकामी असल्याची खात्री केली, खालची काडतुसांची नळीही तपासली. मग माझ्या हातात देऊन मलाही तेच करायला लावलं. मग त्यांनी नळीवरची अक्षरं दाखवली. अक्षरांच्या कडा विरल्या होत्या. म्हणजे कुणीतरी यंत्रावर घासून काढली होती, आणि घासताना गंजाबरोबर पोलादही जातं. या बंदुकीचा घोडा बाहेर असतो आणि वेगळी सेफ्टी नसते. घोडा अर्ध्यावर चढवून ठेवायचा, तीच सेफ्टी. त्या स्थितीत चाप ओढला तर काहीही होता कामा नये. काकांनी घोडा अर्ध्यावर घेतला, अंगठ्यानं आधार ठेवत चाप ओढला, आणि घोडा सुटला.

बाहेरून नवरीसारखी नटलेली बंदूक, आणि आतली एक खाच झिजलेली. बांध ओलांडताना एखादी ठेच लागली असती तर? पुढं माझा मुलगा चालत असता तर? मला त्या दुकानाच्या हीटरमध्येही घाम फुटला. बंदूक परत काउंटरवर ठेवली. दुकानदारानंही लगेच तिला चिठ्ठी लावून बाजूला काढलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

दुसरी बंदूक दिसायला गरीब. पोलाद तपकिरी पडलेलं, पण पेटंटच्या तारखा स्पष्ट. दस्त्यावर कुणीतरी चाकूनं दोन अक्षरं कोरलेली. या मॉडेलची जी बंदूक दोन भागांत उघडते तिच्यावर क्रमांक दोन ठिकाणी असतो, मागच्या पेटीवर आणि पुढच्या भागाच्या कड्यावर. दोन्ही जुळले, म्हणजे दोन बंदुकांची जोडाजोड नाही. जोडाच्या जागी हलवून बघितलं, खडखडाट नाही. नळीत दिवा धरून बघितलं. आत अंगठीसारखी सावली दिसली तर तिथं नळी फुगलेली असते. तशी दिसली नाही. तोंडाशी डाइमचं नाणं धरलं, ते आत गेलं नाही. बारा बोअरच्या नळीचं तोंड मूळचं चांगलं आवळलेलं असेल तर डाइम आत जात नाही. गेलं तर नळी कुणीतरी कापलेली असू शकते. घोडा पूर्ण चढवून मागून अंगठ्यानं ढकलला, तो सुटला नाही. अर्ध्यावर चाप ओढला, काही झालं नाही. शेवटी खोटी काडतुसं भरून पंप चालवला, सावकाश आणि जोरात, दोन्ही प्रकारे. सगळी एकेक करून वर आली, बसली आणि बाहेर उडाली. दस्ता जिथं मनगटाएवढा बारीक होतो तिथं भेग असते बहुतेक वेळा, ती नव्हती. लाकडाला जुन्या तेलाचा वास येत होता. तो वास आला आणि मला एकदम आमची पडवी आठवली.

पण आठवणीपोटी पैसे मोजायचे नसतात. कारागिरानं तपासून नापास केली तर परत, या अटीवर घेतली. कारागिरानं एक स्प्रिंग बदलली आणि बंदूक पास केली.

ब्राउनिंग आणि विंचेस्टर यांचा संसार मात्र पुढं टिकला नाही. त्यानं आपोआप भरणारी शॉटगन बनवली, एका बारानंतर पुढचं काडतूस स्वतःच वर घेणारी. जगातली ती पहिली यशस्वी. ही आपली मोठी कमाई आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून या वेळी त्यानं एकरकमी विक्रीला नकार देऊन प्रत्येक बंदुकीमागे वाटा मागितला. बेनेट नाही म्हणाले. एकोणीस वर्षांचा संबंध तिथं संपला. तो बंदूक घेऊन रेमिंग्टन कंपनीकडे गेला. ८ जानेवारी १९०२ रोजी तो त्यांच्या अध्यक्षांच्या भेटीसाठी बाहेर थांबला होता, तेवढ्यात अध्यक्ष मार्सेलस हार्टली हृदयविकारानं वारल्याची बातमी आली. दुसरा कुणी असता तर खचला असता. हा पठ्ठ्या बोटीत बसला आणि बेल्जियमला गेला, एफएन कंपनीकडे. तिथं त्याचं पिस्तूल आधीपासून बनत होतं. त्यांनी शॉटगनही घेतली, त्याच्या अटींवर. आणि त्याच्या नावासकट. काही वर्षांत युरोपात पिस्तुलालाच ब्राउनिंग म्हणायला लागले, जसं आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा. ज्याला स्वतःच्या देशात वीस वर्षं नाव मिळालं नाही, त्याचं नाव परदेशात सामान्यनाम झालं. परदेशात येऊन नाव काढणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला छान वाटते. पण ब्राउनिंगचं आयुष्य एवढंच नाही, आणि बंदूक घरात आणणाऱ्यानं उरलेलंही बघितलं पाहिजे. जॉर्जियाहून परतल्याच्या वर्षी, १८८९ मध्ये, भावांबरोबर नेमबाजी करताना त्याच्या लक्षात आलं की बार उडाला की नळीच्या तोंडासमोरचं गवत आडवं होतं. म्हणजे तिथून निघणारा वायू फुकट जातोय. त्या वायूवर बंदूक चालवता येईल, हा विचार त्याला सुचला आणि त्यातून मशीनगन जन्मली. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत आर्चड्यूक फर्डिनांडवर झाडलेलं पिस्तूल ब्राउनिंगच्याच डिझाइनचं, एफएनचं १९१० मॉडेल. त्यातून पेटलेल्या युद्धात अमेरिका उतरली तेव्हा त्याच्या मशीनगननं चाचणीत २०,००० गोळ्या न अडता उडवल्या. ती लष्करानं घेतली, ब्राउनिंग ऑटोमॅटिक रायफलही घेतली. आणि माझ्या हातातली ही शेतकऱ्याची १८९७? तिच्या नळीवर जाळीचं आवरण आणि पुढं संगीन लावून तिला खंदकात पाठवलं गेलं. १९१८ च्या सप्टेंबरात जर्मनीनं तिच्याविरुद्ध रीतसर निषेध नोंदवला. त्याच्या शेवटच्या वर्षांतल्या कामावरून पुढं तयार झालेलं हाय-पॉवर पिस्तूल तर आपल्या ईशापूरच्या कारखान्यातही बनलं आणि आपल्या लष्कराच्या, पोलिसांच्या कमरेला लागलं.

न्याहारीसाठी पक्षी टिपणाऱ्या पोराच्या हातून हे सगळं कसं झालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं मात्र कळतं की त्यानं जे बनवलं ते अडत नाही, आणि म्हणूनच ते ज्याच्या हातात असेल त्याच्या शहाणपणावर सगळं अवलंबून राहतं. १८९७ बद्दल तर हे अक्षरशः खरं आहे. चाप दाबून धरला आणि पंप मारला तर ही बंदूक बंद होताक्षणी उडते, नव्या बंदुकांसारखी थांबत नाही. म्हणून नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. शिवाय पंप मारताना मागचा पोलादी ठोकळा हाताच्या वरून मागं येतो. मूठ उंच धरली तर अंगठ्याच्या बेचक्यातली सालटी निघते. माझी निघाली. एकदाच.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा ती गप्पच झाली. मग एवढंच विचारलं, पोरांच्या हाताला लागणार नाही ना. तिला कुलपाचं लोखंडी कपाट दाखवलं, काडतुसं वेगळ्या कुलपात असतात तेही दाखवलं. पण त्या प्रश्नानंतर मी आणखी एक कुलूप आणलं, खरं सांगतो.

नव्यानं आलेल्या मंडळींसाठी कायद्याचे दोन शब्द. दुकानातून घेताना फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. ग्रीनकार्डवाल्यांना घेता येते. एच-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर मात्र बंदूक बाळगायला साधारण मनाई आहे. शिकारीच्या परवान्याचा अपवाद आहे, पण त्याच्या भरवशावर जाण्याआधी वकिलाला विचारा. चूक झाली तर व्हिसाच धोक्यात. आणि जुनी बंदूक घेऊन बदकांच्या मागं जाणार असाल तर बदकांसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत. पोलादी छर्रे कडक असतात, जुन्या आवळलेल्या नळीला ते झेपत नाहीत. बिस्मथचे घ्या, महाग पडतात पण नळी वाचते.

ब्राउनिंग शेवटपर्यंत काम करत राहिला. १२८ पेटंटं त्याच्या नावावर. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममधल्या लिएजजवळ, एफएनच्या कारखान्यात, मुलाच्या म्हणजे व्हॅलच्या कामाच्या खोलीतच हृदय थांबून तो गेला. वय ७१. तेव्हा तो एका दोननळी शॉटगनवर काम करत होता. इतकी मशीनगन, पिस्तुलं झाली, पण शेवटी हातात होती ती पुन्हा पाखरांच्या शिकारीचीच बंदूक. व्हॅलनं ती पुरी केली. वडिलांचं शव ऑग्डेनला परत आणलं. गावच्या जुन्या रेल्वे स्टेशनात आता त्याच्या बंदुकांचं संग्रहालय आहे. युटात आलात तर जरूर बघा.

मागच्या नोव्हेंबरात ग्रेट सॉल्ट लेकच्या उत्तरेला मक्याच्या कापलेल्या शेतात मी दिवसभर चाललो. दोन फेझंट उठले. पहिला बार हुकला. दुसऱ्या वेळी काका माझ्या नेमाच्या रेषेजवळ होते, म्हणून घोडा उतरवून अर्ध्यावर ठेवला आणि पक्ष्याला जाऊ दिलं. रिकाम्या हातानं घरी आलो. बायकोनं खिचडी टाकली होती.

रात्री बंदूक पुसून कपाटात ठेवली. विम्यासाठी प्रत्येक वस्तूचं कार्ड करून ठेवायचं असतं. मॉडेल १८९७, बारा बोअर, क्रमांक, खरेदीची तारीख, सगळं लिहिलं. बनवणारा या रकान्यात विंचेस्टर लिहिलं, कारण नळीवर तसंच आहे. मग खाली थोडी जागा उरली होती, तिथं लिहिलं, जॉन मोझेस ब्राउनिंग, ऑग्डेन.